पहाटेची ओळ

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.

घटाची शेवटची माळ. सकाळी समईला तेल घातलं तेव्हा वात सरळ उभी होती, काजळी नाही. नवरात्रभर माझ्याशिवाय तिला कुणाचा हात लागू दिला नाही. तुळजापूरच्या आईनं सांभाळून घेतलं.

घरातली विळी, खलबत्ता, सासूबाईंची कातर आणि ह्यांची मोटारसायकल पुजली. यंदाच्या पावसानं झेंडू नासला, त्यामुळं भाव चढा. पावशेरात भागवलं. हार मोटारसायकलला, बाकीच्यांना एकेक फूल.

मग ह्यांच्या शिक्षण संस्थेत गेले. खंडेनवमीला तिथं संगणकांची पूजा असते आणि कर्मचाऱ्यांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. हे संस्थेचे सगळे संगणक बघतात. लोहाऱ्याच्या कॉलेजात एक मोठं यंत्र आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. तसलंच दुसरं जळकोटच्या शाळेत आहे. हे दरवर्षी चालू यंत्रालाच कुंकू लावून मोकळे होतात. मला ते कधी पटलं नाही. आजच्या दिवशी हत्याराला विसावा द्यायचा असतो. तुळजापूरची आई सुद्धा सीमोल्लंघन झालं की पलंगावर निजते ती कोजागरीपर्यंत. आईला विश्रांती लागते आणि ह्यांच्या डब्याला लागत नाही का?

हे मी ह्यांच्या कानाशी म्हणले, पण सेक्रेटरी गुंडाप्पा अण्णा मागंच उभे होते. ते म्हणाले, "बरोबर बोलली सूनबाई. गौरीशंकर, दोन्हीकडची यंत्रं निजवा. उद्या पहाटे मुहूर्तावर उठवा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. 

घरी आल्यावर मला घोर लागला. उद्या पहाटे तर आम्ही तुळजापुरात असणार. लग्न झाल्यापासून दसऱ्याची पहाट तिथं बघायची राहून गेली आहे, दरवर्षी ह्यांचं काहीतरी निघतं. इथलं लोहाऱ्याचं यंत्र हणमंतप्पा शिपाई बटण दाबून उठवतील, पण जळकोटचं कोण उठवणार? हे म्हणाले, "हर्षालीला सांगितलं असतं, पण ती सणाला सास्तूरला जाणार आईकडं."

हर्षाली कोण? तर जूनपासून जळकोटला लागलेली पोरगी. ह्यांच्या हाताखाली. जूनपासून. आणि मला आज कळतंय.

संध्याकाळी हे लॅपटॉप घेऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं. एक ओळ लिहून ठेवली. जळकोटचं यंत्र पुरतं बंद न्हाय, काम तेवढं निजवलंय. पहाटे साडेचारला ते आपोआप आधी नोंदी तपासंल, मग कामाला लागंल. कुणी जायला नको. तू बॅग भर."

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

पालखीवर कुंकू उधळलं तेव्हा सगळं तुळजापूर लाल झालं होतं. गर्दीत ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. सोडलं नाही. दिवसभरात फोन खिशातून एकदाही काढला नाही. 

खर्च लिहिते उद्या.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

चहा ओठाला लावला आणि ह्यांचा फोन वाजला. हर्षाली. ह्यांनी फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावला, म्हणून ऐकू आलं. मी कान देऊन ऐकत नव्हते.

ती म्हणाली, "सर, काल रुजू झालेल्या बाईंचा संगणकच उघडेना. तुम्ही लोहाऱ्यात नाव घातलंय ना?"

"कालच घातलं. तिकडं आलं न्हाय?"

"नाही सर. जुन्या सगळ्यांचं उघडतंय. नवीन काही उतरत नाही. एका सरांनी पासवर्ड बदलला तर तिकडं नवा चालतो आणि आमच्याकडं अजून जुनाच."

"म्हणजे वाचतंय, पण लिहीना."

"हो सर. अगदी तसंच."

आणि मग दोघं हसले. ह्यात हसण्यासारखं काय होतं?

मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "रेप्लिकेशन अडकलंय." म्हणजे काय, विचारलं. म्हणाले, "अगं, ते लांबण लागतंय." तिच्याशी लांबण लावायला चहा निवला तरी चालतो. माझ्या वाट्याला जेवताना तीन शब्द येतात. मीठ, पाणी, झालं.

दहावीला गणितात मी तालुक्याच्या शाळेत पहिली होते. हे कुणी विचारत नाही म्हणून इथं लिहून ठेवते.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागरी.

आज हे खुशीत घरी आले. बिघाड सापडला म्हणे, हर्षालीनंच काढला. अण्णांच्या घरी दुधाला सगळ्यांना बोलावलं होतं, तिथं ती आली होती. मी मनात काहीतरी वेगळंच धरून बसले होते. बघितलं तर काटकुळी, चष्मा, साधा सुती ड्रेस, कानात खडे सुद्धा नाहीत. जरा बरं वाटलं. पण मग ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वहिनी, तुम्ही नवरात्रभर समईला दुसऱ्या कुणाला तेल घालू देत नाही ना? सर सांगत होते. आणि तुम्ही महिन्याचा सगळा हिशेब तोंडपाठ सांगता म्हणे."

मी दुधाचा पेला खाली ठेवला. आमच्या देवघरातलं हिला कसं माहीत? हे परक्या पोरीपुढं बसून माझं काय काय सांगत असतील? माझ्यापुढं बसून कधी माझ्याबद्दल एक वाक्य बोलले नाहीत.

मी म्हणले, "तुला घरी कामधंदा नसतो का गं, एवढ्या चौकश्या करायला?" ती हसली. तिला टोमणा कळला नाही का कळून हसली, सांगता येत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

दुरुस्त केलेलं यंत्र काल सकाळी पुन्हा बिघडलं. दुपारी दोघांनी फोनवर बसून नीट केलं. आज सकाळी पुन्हा तेच.

हे जेवले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी जळकोटच्या मुलांची संगणकावरची परीक्षा आहे आणि मुलांना नवे पासवर्ड दिलेत, ते तिकडं चालत नाहीत. अण्णांनी बोलावून विचारलं, "कुणाच्या हातनं बिघडतंय ते आधी सांगा." 

मला ह्यांची कीव आली. तेवढ्यात फोन वाजला, हे अंगणात गेले, आणि कीव गेली.

शनिवार, ११ ऑक्टोबर.

सासूबाईंना सगळं दिसतं. भाकरी थापताना माझा हात जोरात पडला तर म्हणाल्या, "शिवकन्ये, भाकर हाय ती. सवत न्हाय."

"मी कुठं काय म्हणले, आत्याबाई?"

"तू न्हाय म्हणलीस. परातीनं सांगितलं." मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "माझा ल्योक हाय म्हणून सांगत न्हाय. त्याला दोन बायकांशी बोलायचं म्हणलं तर जीब अडकंल. एकीशीच नीट बोलंना."

तेच तर म्हणते मी. एकीशी बोलत नाही आणि दुसरीशी थांबत नाही.

आज फोनवरचं ह्यांचं बोलणं असं: "हर्षाली, काल सुटताना तू स्वतः बघितलंस ना? नाव बरोबर होतं? मग सकाळी कसं बदललं? रातच्याला तिथं कोण येतंय?" कुणाचं नाव, कशावरचं नाव, काही कळलं नाही. उद्या रविवार. परवा हे जळकोटला जाणार आहेत, मग मी पण जाणार. डबा द्यायला. माझा सोमवारचा उपवास असतो, पण ह्यांचा नसतो ना.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

जीपमध्ये दाटीवाटीत डबा मांडीवर धरून गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत हे आणि ती एका पडद्यासमोर दोन खुर्च्यांवर बसले होते. मध्ये एका माणसाची जागा होती. ती मी डोळ्यानं मोजून घेतली.

हे दचकले. "तू? कशी काय?"

"डबा."

"अगं, शिपायाबरोबर पाठवायचा."

"माझ्या हातचा माझ्याच हातानं दिला तर चालंल ना?"

हर्षालीनं पटकन तिसरी खुर्ची ओढली, ती मधल्या जागेत. मी बसले. डबा उघडून दोघांना वाढला. हे जेवता जेवता उठून बाहेर अण्णांचा फोन घ्यायला गेले तेव्हा मी पडद्याकडं बोट करून विचारलं, "हे नेमकं काय झालंय?" मला वाटलं, ती पण म्हणेल, लांबण आहे.

तिनं घास खाली ठेवला. "वहिनी, ह्या यंत्रात संस्थेतल्या सगळ्यांची एक यादी आहे. नावं, पासवर्ड. एक प्रत लोहाऱ्याला, एक इथं. तिथं काही बदललं की इथं आपोआप उतरतं. उतरवून घ्यायला यंत्रात एक गडी ठेवलेला आहे समजा. माणूस नव्हे, कामाचं नाव. यादीच्या फायली त्याच्या नावावर असाव्या लागतात, तरच त्याला त्यात लिहिता येतं."

"मग?"

"मग रोज सकाळी त्यातल्या काही फायली रूटच्या नावावर झालेल्या दिसतात. रूट म्हणजे यंत्रातला सगळ्यात मोठा कारभारी. त्याच्या नावानं कुणी काम केलं की फाईल त्याची होते. गड्याला हात लावता येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या समईसारखं बघा. तेल तुम्ही घालणार. पण तेलाची बुधली सासूबाईंनी कपाटात कुलूप लावून ठेवली तर? समई जळत राहील, दिसायला सगळं ठीक. पण नवीन तेल पडणार नाही."

मला एका दमात कळलं. इतके दिवस ह्यांनी लांबण म्हणून सांगितलं नाही ते हिनं माझ्या समईवरून सांगितलं. कळल्याचा आनंद झाला आणि तो हिच्या तोंडून झाला म्हणून लगेच नासला.

मी विचारलं, "रूटच्या नावानं काम कोण करू शकतं?"

"पासवर्ड दोघांकडंच आहे. सर आणि मी."

"आणि तू म्हणतेस तू करत नाहीस."

"नाही वहिनी. म्हणून तर रात्री झोप लागत नाही. माझी नेमणूक दिवाळीपर्यंतचीच आहे. काम बघून पुढं वाढवणार."

हे परत आले. तिनं विचारलं, "सर, तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी ठेवू का बाजूला? तुम्हाला आवडते." मी डबा बंद केला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

संध्याकाळी गुंडाप्पा अण्णा स्वतः घरी आले. हे अजून आले नव्हते. चहा दिला. अण्णा म्हणाले, "सूनबाई, गौरीशंकर भिडस्त आहे. नाव घेत नाही. तुमच्या कानावर काय आलं असंल तर सांगा. कुणाचा हात लागतोय त्या यंत्राला?"

मी म्हणले, "अण्णा, मला त्यातलं काय कळतंय. पण मोठ्या कारभाऱ्याचा पासवर्ड दोघांकडंच आहे. हे तर रात्री इथं असतात."

एवढंच म्हणले. खोटं एक अक्षर नाही.

अण्णांनी मान हलवली, चहा संपवला आणि गेले. सासूबाई आतून बघत होत्या.  त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त लागतं.

देवापुढं बसले. स्तोत्र दोनदा चुकलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर.

अण्णांनी हर्षालीला सांगितलं, वसुबारसेपर्यंत काम करा, पुढं येऊ नका.

ह्यांनी मला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी पातेल्यातलं दूध हलवत राहिले. दूध उतू जाणार नव्हतं, तरी हलवत राहिले.

"अण्णा म्हणाले, तुमच्या घरूनच कळलं." हे म्हणाले.

"मी खरं तेच सांगितलं. पासवर्ड दोघांकडं आहे."

"व्हय. खरं सांगितलंस."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ताट घेऊन ओसरीवर गेले आणि तिथं जेवले. उद्या पहाटे जळकोटला जाणार आहेत. तीनला निघायचं म्हणतात. यंत्रासमोर बसून बघायचं, सकाळी नेमकं काय होतं. हर्षाली पण येणार, शाळेच्या मागंच तिची खोली आहे.

पहाटे. दोघं. बंद प्रयोगशाळेत. आणि माझ्यासाठी तुळजापूरला पहाटे यायला ह्यांना सोळा वर्षं लागली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.

हे निघाले तेव्हा मी जागी होते. झोपेचं सोंग घेतलं. जाताना ह्यांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. सोंग घेतलेल्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. तशीच पडून राहिले.

दिवसभर घर पुसलं. दिवाळीची म्हणून भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

दुपारी हे आले. चप्पल काढली नाही, तसेच उंबऱ्यावर बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "सापडलं."

"कुणी केलं?"

"मी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

मग ह्यांनी सांगितलं. बहुतेक पहिल्यांदा इतकं सलग बोलले. दोघं आणि शाळेचा वॉचमन पडद्यासमोर बसले होते. सव्वाचार, साडेचार. बरोबर साडेचारला फायली डोळ्यांदेखत रूटच्या नावावर झाल्या. खोलीत कुणी हात लावला नाही. हर्षालीनं लगेच रूटच्या वेळापत्रकाचं पान उघडलं आणि त्यात एक ओळ सापडली. रोज पहाटे साडेचारला नोंदी तपास, मग यंत्र उठव. रूटच्या नावानं.

"खंडेनवमीला मी लिहिली होती," हे म्हणाले. "घाईत होतो. रूट म्हणूनच आत शिरलो होतो, तसंच लिहिलं. आणि एका दिवसापुरतं लिहायचं ते रोजचं लिहिलं गेलं. दसऱ्यानंतर काढायची राहिली. रोज पहाटे ती ओळ फायली रूटच्या करून ठेवायची, आणि दुपारी आम्ही पुन्हा नीट करायचो."

मी विचारलं, "घाईत का होता?"

हे माझ्याकडं बघायला लागले, जसं काही हे मला ठाऊक असायला पाहिजे. "तू रिकामी बॅग घेऊन दारात उभी होतीस ना. तुला दसरा बघायचा होता."

मी रिकामा तांब्या उचलला. मग मी विचारलं, "हर्षालीला कळलं का, कुणासाठी लिहिली ते?"

"तारीख बघितली तिनं. हसली. म्हणाली, सर, वहिनींना तुळजापूर बघायला मिळालं ना, मग चालतंय. आणि मग चष्मा पुसायला लागली. तिचं परवापासून काम न्हाय."

"मग अण्णांना सांगितलं का तुम्ही?"

"सांगतो."

"कधी?"

"बघतो गं. अण्णा म्हणतील, बारा वर्षं काम करून एवढं कळत न्हाय. सगळं काम लातूरच्या कंपनीला देतो म्हणून बसलेतच."

हे खाटेवर आडवे झाले आणि लगेच झोपले. पहाटेपासून जागं माणूस. मी मात्र ओट्यापाशी उभी राहिले. मला लाज वाटायला पाहिजे होती, वाटली पण. तिच्या पोटावर पाय दिला म्हणून वाटली. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते इथं लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. मला आनंद झाला. ह्यांनी माझ्यासाठी घाई केली. माझ्यासाठी ह्यांच्या हातून चूक झाली. आख्ख्या संस्थेचं काम दोन आठवडे अडलं ते माझ्या एका पहाटेसाठी. असं कुठल्या बाईच्या वाट्याला येतं?

आणि उद्या ती ओळ हर्षालीच्या नावावर जाणार. अण्णा म्हणणार, त्या पोरीनं केलं. सगळे तेच म्हणणार. ती ओळ तिच्या नावावर का जावी? ती माझी आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस.

संध्याकाळी गाय-वासराची पूजा अण्णांच्या गोठ्यापाशी असते. मी लवकर गेले. अण्णा वासराला हिरवा चारा घालत होते.

मी म्हणले, "अण्णा, मंगळवारी मी तुम्हाला सांगितलं ते अर्धं होतं. यंत्र बिघडलं ते ह्यांच्या ओळीनं. ती ओळ माझ्या हट्टापायी लिहिली. यंत्र निजवा असं मी म्हणले, आणि पहाटे ह्यांना तुळजापूरला नेलं पण मी. त्या पोरीनं हात लावला नाही. तिनंच शोधून काढलं."

अण्णा वासराच्या मानेवर हात फिरवत राहिले. "गौरीशंकरनं पाठवलं का तुम्हाला?"

"त्यांना ठाऊक नाही मी आलेय ते."

"मग तुम्ही कशाला आलात? तुमचं काय अडलं होतं?"

काय सांगणार? म्हणले, "वसुबारस आहे. खोटं ठेवून गाईपुढं कशी उभी राहू."

अण्णा हसले. "यंत्र निजवा म्हणून हुकूम मी दिला होता, सूनबाई. सगळ्यांसमोर. आता माझं नाव कुठं घालायचं?" मग जरा विचार करून म्हणाले, "ती पोरगी राहू दे. पण जळकोटला एकटी नको ठेवायला. दिवाळीनंतर तिला लोहाऱ्यालाच आणतो. गौरीशंकरच्या खोलीत दुसरं टेबल टाका. दोघं मिळून बघतील."

मी गाईला ओवाळलं. निरांजन विझता विझता राहिलं. मी मनात म्हणले, आई, हे असं असतं का तुझं?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "चांगलं केलंस गं बाई. कुंपण घालायला गेली आन् गाय घरातच आणून बांधली." मग म्हणाल्या, "भाऊबीजंला बोलव तिला. ओवाळू दे माझ्या ल्योकाला. मिटलं."

ही गोष्ट मला सुचायला पाहिजे होती.

ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. घास हातातच राहिला.  मग उठून अण्णांकडं गेले, माझ्या सांगण्यावर स्वतःचं सांगणं ठेवायला. आले ते हलके होऊन आले.

रविवार, १९ ऑक्टोबर.

हर्षालीला मीच फोन केला. म्हणले, भाऊबीजेला ये, ह्यांना ओवाळ.

ती म्हणाली, "वहिनी, मला सख्खे दोन भाऊ आहेत, सास्तूरला. दोघांना ओवाळून यायला गाडी मिळणार नाही. पाडव्याला येऊ का?"

पाडव्याला! मी म्हणले, "पाडव्याला इथं ओवाळायचा मान माझा असतो."

ती गडबडली. "तसं नाही वहिनी, फराळाला म्हणत होते." मग हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, अण्णांनी सांगितलं मला. तुम्ही गेला होता ते."

मी म्हणले, चकली तळायला टाकली आहे, ठेवते. चकली टाकलेली नव्हती.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

दिवाळीनंतर आज पहिला दिवस. हर्षाली लोहाऱ्यात रुजू झाली. तिची खोली अजून लागली नाही, सास्तूरहून येते, डबा करायला वेळ मिळत नाही. हे काल म्हणाले, "चार दिवस तिचा पण डबा देतीस का?" म्हणजे परवानगी मागितल्यासारखं म्हणाले. आधी कधी कशाला विचारलं नव्हतं.

सकाळी हे निघताना मी विचारलं, "ती ओळ पुसली का?"

"न्हाय. पुढं खूण लावून निजवून ठेवली. पुढच्या दसऱ्याला लागंल." मग मोटारसायकलला किक मारायची थांबून मला सगळं सांगितलं, की पुढच्या वेळी ती रूटच्या नावानं नाही चालायची, गड्याच्या नावानं चालंल, आणि एकाच पहाटेला चालंल. मी न विचारता सांगितलं. मला सगळं कळलं. शेजारची लक्ष्मीबाई फाटकातून बघत होती, मी आवाज जरा चढवून दोन प्रश्न जास्तीचे विचारले.

डबे दोन केले. शेंगदाण्याची चटणी दोन्हीत घातली. ह्यांच्या पोळ्यांना तूप लावलं. तिच्यांना लावलं नाही.

झाकण लावून झाल्यावर तिचा डबा पुन्हा उघडला. तूप लावलं. थोडं.